शेंगदाणा डब्यात असू दे, ॲड्रेनालिन कपाटात हवं

जून उजाडतो, शाळा सुरू होतात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण आता अधूनमधून पेटू लागलं आहे. शहरातली एखादी शाळा सूचना काढते की वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, तेव्हा डब्यात दाण्याची चटणी, चिक्की, लाडू, साबुदाण्याची खिचडी देऊ नये. लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ही अमेरिकेची थेरं इथे नकोत, आपल्या सात पिढ्या दाण्याचं कूट खाऊन वाढल्या. दुसरा म्हणतो, त्या मुलाच्या आईच्या जागी उभे राहून बघा, शाळेच्या फाटकाच्या आत शेंगदाणा आलाच नाही पाहिजे. दोन दिवस हे चालतं, कुणीतरी ग्रुप सोडून जातं आणि विषय संपतो. उद्या मधल्या सुट्टीत त्या मुलाला खरंच काही झालं, तर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करणार आहे, हे मात्र कुणीच विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच मांडतो. ही ॲलर्जी खरी आहे आणि ती जीव घेऊ शकते. तरीही सरसकट बंदी हा त्यावरचा उपाय नाही. ॲड्रेनालिन हे जुनं, स्वस्त औषध हाताशी असणं, ते मांडीत टोचायला शिकलेली दोन माणसं जवळपास असणं आणि ‘यात दाणे आहेत का?’ या प्रश्नाला स्वयंपाकघरातून खरं उत्तर मिळणं, या तीन गोष्टींवर मुलाचा जीव अवलंबून असतो. दोन्ही तटांचा सगळा जोर या तिन्हींच्या बाहेर खर्च होतो.

‘हे आपल्यात नव्हतंच’ या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. अन्नाच्या ॲलर्जीचा वेगवेगळ्या देशांत एकाच पद्धतीने जो अभ्यास झाला, त्यात कर्नाटकातल्या शाळकरी मुलांमध्ये सगळ्या अन्नपदार्थांची मिळून संभाव्य ॲलर्जी अवघी ०.१४ टक्के निघाली. हाँगकाँगमध्ये ती दीड टक्का होती. म्हणजे आपल्याकडचं प्रमाण खरोखरच कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. त्याच प्रमाणाने चौदाशे मुलांच्या शाळेत अशी दोन मुलं असतील. एका भागातल्या आकड्यावरून अख्ख्या देशाचा हिशेब मांडू नये हे खरं, पण देशात शाळेत जाणारी मुलं चोवीस-पंचवीस कोटींच्या घरात आहेत, तेव्हा टक्केवारी लहान असली तरी माणसं थोडी नाहीत. आणि आपल्या अन्नाच्या आपल्या ॲलर्जी आहेतच. मुंबईच्या संशोधकांनी २००१ साली हरभऱ्याच्या ॲलर्जीवर निबंध प्रसिद्ध केला, म्हैसूरला वांग्याच्या ॲलर्जीचा रीतसर अभ्यास झाला. हरभरा आणि वांगं काही अमेरिकेहून आलेलं फॅड नाही.

शेंगदाणा मात्र अमेरिकेतून आला आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, बोलिव्हिया-अर्जेंटिनाकडचा. तो आपल्या शेतात रुजून काही शतकंच झाली. एकादशीच्या ताटातला दाणा, बटाटा, मिरची आणि साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, सगळे समुद्र ओलांडून आलेले पाहुणे आहेत. हजारो वर्षांच्या सवयीने आपलं शरीर शेंगदाण्याला सरावलं, हा युक्तिवाद इथेच कोसळतो. ‘आपल्या रक्तात ते नाही’ याला उत्तर ऑस्ट्रेलियात मिळतं. मेलबर्न आणि व्हिक्टोरिया राज्यातल्या अभ्यासांत दिसलं, की आशियातून आलेल्या आईबापांची जी मुलं तिथे जन्मली, त्यांच्यात शेंगदाण्या-सुक्यामेव्याची ॲलर्जी जास्त आहे. आशियात जन्मून नंतर तिथे गेलेल्या मुलांत ती कमी. वंश तोच, जन्माचं ठिकाण बदललं आणि चित्र पालटलं. मेलबर्नला, लंडनला, न्यू जर्सीला मराठी घरं काही थोडी नाहीत. इथल्या आजीने ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ असं म्हणत तिथून आलेल्या नातवाला लाडू भरवायच्या आधी हे लक्षात घ्यायला हवं. शिवाय आपली शहरं, आपली घरं, बाळांच्या पहिल्या वर्षाचं खाणं, हे सगळं बदलत असताना आजचं कमी प्रमाण पुढेही कमीच राहील असं कुणी कशाच्या जोरावर सांगावं?

पहिल्या तटाकडे याहूनही बळकट मुद्दा आहे, आणि तो त्यांना नीट मांडताही येत नाही. तो असा, की पाश्चात्त्य देशांनी हे संकट काही अंशी स्वतःच्या हाताने वाढवलं. १९९८ साली ब्रिटनमध्ये आणि २००० साली अमेरिकेत तज्ज्ञांनी सल्ला दिला, की ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त त्यांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के होती, इस्रायलमधल्या ज्यू मुलांत ०.१७ टक्के. इस्रायलमध्ये बाळं दात यायच्या सुमारासच ‘बाम्बा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात. मग लंडनमध्ये गिडिअन लॅक यांच्या गटाने इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही मुलं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दूर ठेवलं. २०१५ साली निकाल आला. न खाणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. धोका टाळायचा म्हणून दिलेल्या सल्ल्यानेच धोका वाढवला होता. वैद्यकशास्त्राने आपली चूक मोजून दाखवली आणि सल्ला उलटा फिरवला, याबद्दल त्याचा मान राखावा. आपल्यासाठी यातून निघतं ते सरळ आहे. वरचं खाणं सुरू झालं की बाळाला भीतीपोटी दाण्यापासून लांब ठेवू नका. अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो. अगदी बारीक कूट किंवा मऊ लगदा पेजेत, खिमटीत कालवून द्या. बाळाला जोरदार इसब असेल किंवा अंडं बाधत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पण इथूनच एक फार घातकी गैरसमज निघतो. ‘थोडं थोडं दिलं की सवय होते’ हे वाक्य ज्याला ॲलर्जी जडली आहे त्याच्याबाबतीत घरच्या घरी कधीही खरं करून बघू नये. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून सफरीला गेले. परतल्यावर समुद्रफुलाचं (सी ॲनिमोन या समुद्री जीवाचं) विष थोडं थोडं टोचून कुत्र्यांना त्याची सवय करता येईल का, हे ते पाहत होते. पहिल्या मात्रेतून कुत्रे सावरले. काही आठवड्यांनी पुन्हा थोडी मात्रा दिली आणि धडधाकट कुत्रा अर्ध्या तासाच्या आत गेला. संरक्षण मिळेल म्हणून केलेल्या प्रयोगात त्याच्या नेमकं उलट घडलं. जिवावर बेतणाऱ्या या तीव्र प्रतिक्रियेलाच त्यांनी ॲनाफिलॅक्सिस म्हटलं आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल मिळालं. आज ॲलर्जी असलेल्या मुलांना शेंगदाणा मिलिग्रॅममध्ये मोजून देत देत सहनशक्ती वाढवण्याचे उपचार आहेत, पण ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली होतात. काकूने ‘एक घास खा, काही होत नाही’ म्हणत भरवणं म्हणजे उपचार नव्हे.

आता दुसरा तट. त्या आईची भीती मला कळते, आणि तिला ‘उगाच बाऊ करते’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तरीही बंदीने ती ज्याची वाट बघते ते मिळत नाही. शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने जिवावर बेतत नाही. तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांना पीनट बटर हुंगायला देऊन, कातडीला लावून पाहिलेलं आहे; लावलं तिथे थोडी लाली, खाज आली, श्वास कुणाचाही अडकला नाही. धोका आहे तो पोटात जाण्याचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये शेंगदाणामुक्त शाळांत ॲड्रेनालिन द्यायची वेळ कमी आली का, हे तपासलं गेलं. कमी आली नाही. बंदी असलेल्या शाळेतही दाणा येतच होता. आणि आपल्याकडे हजार डबे कोण तपासणार? कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, मटकीच्या उसळीला दाटपणा यावा म्हणून कूट. सकाळी सहाला डबा भरणाऱ्या माणसाचा हात कुटाच्या बरणीकडे आपोआप जातो, आणि तोच चमचा मग साखरेतही जातो. सूचनेच्या कागदाने हा हात थांबत नाही. थांबते ती शिक्षकांची सावधगिरी, कारण ‘आपल्याकडे बंदी आहे’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. शिवाय शंभर ग्रॅम दाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ज्या घरात सुकामेवा नाही, अंडं रोज नाही, तिथल्या पोराच्या डब्यातली चटणी-भाकरी हे त्याचं पोषण आहे. एका मुलाच्या जिवासाठी तेही सोडायला लागलं असतं तर सोडावं म्हटलं असतं. पण त्याने जीव वाचत नसेल, तर ते कशासाठी काढून घ्यायचं? शाळांसाठी २०२१ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट बंदीऐवजी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि शाळेत ॲड्रेनालिनचा साठा यांच्याच बाजूने कौल दिला आहे. त्या मुलाने आपलाच डबा खावा, डब्यांची अदलाबदल करू नये, हात धुवावेत, एवढे नियम पुरतात आणि ते पाळून घेता येतात.

डब्यापेक्षा मला काळजी वाटते ती बाहेरच्या ताटाची. आपल्याकडे वाढणारा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला बरं वाटावं म्हणून देतो. ‘दाणे नाहीत ना?’ ‘नाहीत हो, घ्या बिनधास्त.’ त्याने आचाऱ्याला विचारलेलंही नसतं. आग्रह हा आपला गुण आहे, पण या एका बाबतीत ‘नको’ म्हटलं की तिथेच थांबायला हवं. तेलाचंही तसंच. कारखान्यात शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही. ब्रिटनमध्ये ६० ॲलर्जीग्रस्तांवर चाचणी झाली तेव्हा शुद्ध तेलाने कुणालाही काही झालं नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना त्रास झाला. लाकडी घाण्याचं तेल ते हेच कच्चं तेल. आरोग्याला चांगलं म्हणून ते घरोघर परत येत आहे, येऊ दे. पण ते वापरणाऱ्या खानावळीने तसं सांगितलं पाहिजे.

कायद्याने इथे काही काम केलं आहे, अर्धवट. आपल्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे वगैरेंचा उल्लेख सक्तीचा आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवरही ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. या यादीत तीळ नाही. नताशा एडनान-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली लंडनहून फ्रान्समधल्या नीसला जाणाऱ्या विमानात कोसळली आणि त्याच दिवशी तिथल्या रुग्णालयात दगावली, ती सँडविचच्या पावात मिसळलेल्या तिळामुळे. पाकिटावर तीळ लिहिलेला नव्हता. त्यानंतर ब्रिटनने कायदा बदलला आणि २०२१ च्या ऑक्टोबरपासून दुकानात बनवून तिथेच बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहिणं सक्तीचं झालं. संक्रांतीला ज्या राज्यात अनोळखी माणूसही हातावर तिळगूळ ठेवतो, त्या राज्याने तरी तिळाची नोंद यादीत व्हावी म्हणून आवाज उठवायला हवा.

नताशाचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्धही जातं, तेही सांगतो. तिच्या वडिलांनी विमानातच तिला ॲड्रेनालिनची दोन इंजेक्शनं दिली होती, तरी ती वाचली नाही. औषध म्हणजे हमी नव्हे. पण हातात असलेलं औषध न देण्याने किंवा उशिरा देण्याने जे जातात, त्यांची संख्या पाहा. ब्रिटनमध्ये १९९२ ते १९९८ या काळात ॲनाफिलॅक्सिसने झालेले १६४ मृत्यू एकेक करून तपासले गेले. अन्नातून झालेल्या प्रकारांत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ तीस मिनिटं होता. या सगळ्यांपैकी ६२ टक्क्यांना ॲड्रेनालिन मिळालं, पण हृदय-श्वास थांबण्याआधी मिळालं ते फक्त १४ टक्क्यांना.

आपल्याकडे ती तीस मिनिटं कशी जातात? मुलाच्या ओठाला खाज सुटते, अंगावर गांधी उठतात. कुणीतरी आमसुलाचं पाणी चोळायला सांगतं. नुसतं अंगावर उठलं असेल तर त्यात वाईट काही नाही. पण आवाज बसू लागला, खोकल्याची ढास लागली, घशातून शीळ येऊ लागली, उलट्या झाल्या, पोर निस्तेज होऊन पडलं, तर तो वेगळा मामला असतो. तेव्हा ॲलर्जीची गोळी दिली जाते, ती खाज कमी करते, घसा उघडत नाही. दवाखान्यात नेलं तर पुष्कळदा स्टेरॉइडचं इंजेक्शन आधी टोचलं जातं. त्याचा परिणाम व्हायला काही तास लागतात. ॲड्रेनालिन द्यायला डॉक्टरही कचरतात, हृदयाची भीती असते. ती भीती शिरेतून चुकीच्या मात्रेत दिलेल्या औषधाची आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, वजनाप्रमाणे दिलेलं ॲड्रेनालिन सुरक्षित आहे आणि ॲनाफिलॅक्सिसमध्ये ते देऊ नये असं सांगणारं एकही कारण वैद्यकशास्त्र मानत नाही.

हे औषध असतं कसं? करंगळीच्या पेराएवढी काचेची कुपी, आत एक मिली पाणी, त्यात एक मिलिग्रॅम औषध. मान मोडायची, एक मिलीच्या सिरिंजमध्ये ओढायचं. वीस किलोच्या मुलाला ०.२ मिली, मोठ्या मुलाला ०.३, मोठ्या माणसाला ०.५. सुई सरळ मांडीत. मग आडवं झोपवून पाय उंच. दम लागत असेल तर पाय पसरून बसवायचं, पण उभं करायचं नाही, चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. १०८ ला फोन. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरी मात्रा. कुपी, सिरिंज, सुई मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत. परदेशात मिळणारं, औषध भरलेलं आयतं इंजेक्शनचं पेन सोयीचं आहे, पण अमेरिकेत दोन पेनांची किंमत २०१६ साली सहाशे डॉलरवर गेली होती, आणि आपल्याकडे ती सहज मिळतही नाहीत. पेनाची वाट बघत बसायची काही गरज नाही.

‘शिक्षकांनी इंजेक्शनं द्यायची का? उद्या काही झालं तर?’ हा रास्त आक्षेप आहे. शिक्षकांवर आधीच नाही नाही ती कामं लादलेली आहेत. पण हे काम डॉक्टरच करू शकतो, ही समजूत आपल्याच सरकारने मोडली आहे. लसीकरणाच्या सत्रात एएनएम ताईंकडे (आरोग्यसेविकांकडे) ॲनाफिलॅक्सिसचा संच असतो. त्यात हीच कुपी, हीच सिरिंज असते, वयाप्रमाणे मात्रेचा तक्ता असतो, आणि डॉक्टर येईपर्यंत मांडीत एक मात्रा द्यायची त्यांना मुभा आहे. कोविडची लस घेतल्यावर आपण सगळे जो अर्धा तास खुर्चीत बसलो, तो याच संचाच्या भरवशावर. लसीसाठी जे उपकेंद्रात चालतं ते अन्नासाठी शाळेत का चालू नये? ब्रिटनने २०१७ पासून शाळांना चिठ्ठीशिवाय पेन विकत घेऊन ठेवायची परवानगी दिली, अमेरिकेने २०१३ मध्ये राज्यांना प्रोत्साहन देणारा कायदा केला. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तसंच संरक्षण प्रशिक्षित शिक्षकाला मिळालं, तर निम्मी भीती जाईल.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे. कोकणात लाल विंचू चावून फुप्फुसात पाणी झालेल्या शंभरांतले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबाच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला, ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला आणि ती गोळी ग्रामीण डॉक्टरांच्या हातात गेली. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. त्यासाठी विंचू नाहीसे करावे लागले नाहीत, आणि विंचू आपला की परका यावर कुणी वादही घातला नाही. योग्य औषध योग्य वेळी, जिथे माणूस पडतो तिथे पोचवलं गेलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा सरकारी शाळांत मुलं तपासायला येतात. त्या भेटीत मुलाच्या कार्डावर ‘अन्नाची ॲलर्जी आहे का, कशाची’ हा रकाना भरावा, दोन शिक्षकांना अर्धा तास बसवून रिकाम्या सिरिंजवर सराव घ्यावा आणि प्रथमोपचाराच्या पेटीत दोन कुप्या व तक्ता ठेवून, मुदत संपल्यावर त्या बदलायची जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी. खासगी शाळांनी जवळच्या डॉक्टरांकडून हेच करून घ्यावं. ज्या मुलाची ॲलर्जी निश्चित झाली आहे, त्याच्या डॉक्टरांनी कधी आणि किती औषध द्यायचं हे एका पानावर मराठीत लिहून द्यावं आणि ते पान वर्गात लावलेलं असावं. पालकसभेत पुढच्या वेळी डब्याचा विषय निघाला, की कुणीतरी उठून विचारावं: कुपी कुठे आहे, आणि ती टोचायला कुणाला येतं?